दुकान धाकटीला, आणि जाळीबद्दल चार शब्द

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा वेताच्या खुर्च्या विणणे, शिक्षण चौथी (पास), हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा कागद दिलाय, तो सोबत टाचला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, फूस लावलेली नाही. उलट मुलगा पंधरा दिवस सांगतोय की लिहू नकोस, तरी लिहितेय, यावरून काय ते समजा. याआधी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात दुकान मुलाला दिलं होतं. जे माझं नव्हतंच ते मी दिलं कसं, ते खाली येईल.

१. दुकानावरच्या दोन खोल्या, त्यातलं सामान आणि बँकेतली शिल्लक मुलाला. कपाटाचा डावा दरवाजा उचलून उघडावा लागतो, ओढला तर अंगावर येतो. सुनेला माहीत आहे, त्याला नाही. यावरून घरात काम कोण करतं तेही समजा.

२. दुकान, दुकानाची पाटी, वेत भिजवायची दगडी टाकी, वडिलांची आरी, खुंट्या, सुरी आणि बसायचं बुटकं स्टूल, हे सगळं माझ्या धाकट्या बहिणीला. देते असं लिहिणार होते. वकीलबाईंना विचारलं, 'परत करते' लिहिलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, कायद्याला 'देते' लागतं. तर देते. पण वाचणाऱ्याने परत करते असं वाचावं.

कारण असं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा त्यांच्या उशाशी मी एकटी होते. धाकटी औषध आणायला गेली होती. वडील मला म्हणाले, "दुकान धाकटीला दे. तिचा हात चांगला आहे." एवढंच. माझा हात कसा आहे ते बोलले नाहीत, आणि तेच मला लागलं. धाकटी आली आणि विचारलं, "बाबा काही बोलले?" मी म्हटलं, "नाही गं, पाणी मागितलं फक्त." थोरली म्हणून दुकान माझ्या नावावर झालं. तिने शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासली. निवृत्त होईपर्यंत.

आता लोक म्हणतील, बाई देवाधर्माची, हिला पाप सलत नव्हतं का? सलत होतं! म्हणून तर महिन्याभरात चर्चमध्ये जाऊन कबुलीच्या कोठडीत गुडघे टेकले. तेव्हाचे फादर म्हातारे, दमेकरी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देवाने माफ केलं. बहिणीला सांगून उगाच घर मोडू नकोस." मग खोकत म्हणाले, "प्रायश्चित्त म्हणून या कोठडीची जाळी विणून दे. फाटलीय."

जाळी म्हणजे पाप सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामधली वेताची खिडकी. विणायला घेतली, पण मनात घाई, वेत अर्धवट भिजला असतानाच ओढला. असा वेत ताण धरत नाही. वरचा अर्धा भाग झाला आणि बघते तर झोळ! शेवटी धाकटीला बोलावलं. ती भांडी घासून आली, पदराला हात पुसले आणि खालचा अर्धा भाग एका बैठकीत विणून दिला. तबल्यासारखा ताठ. "कुणासाठी गं एवढी घाई?" तिने विचारलं. मी म्हटलं, "चर्चचं काम आहे, पुण्य लागेल."

म्हणजे बघा. गुडघे टेकल्यावर तोंड येतं ते खालच्या भागासमोर. बहिणीचं दुकान लाटल्याचं पाप मी दर वर्षी बहिणीनेच विणलेल्या भोकांतून पलीकडे पाठवत होते! एका खुर्ची विणणाऱ्या बाईला हे दिसू नये? दिसत होतं. नाक त्याला टेकत होतं.

फादर बदलत गेले, चार झाले. दर वर्षी मी तेच सांगायची, दर वर्षी ते माफ करायचे. कोणी दहा प्रार्थना सांगायचे, कोणी वीस. माझं म्हणणं एवढंच आहे, की वस्तू धाकटीची, नुकसान धाकटीचं, आणि माफ करणारे हे कोण टिक्कोजीराव? दुसऱ्याच्या शेतातला ऊस वाटून दानशूर व्हायचं! मी घरी यायची ती हलकी होऊन, आणि धाकटी तिकडे राखेने पातेली घासतेय. मला हलकं करून कुणाचं भलं झालं? चांगली जड राहिले असते तर दोन वर्षांत तोंड उघडलं असतं. माझा दोष आहेच, तो मी कोणावर ढकलत नाही. पण दर वर्षी दार उघडून 'इकडून पळ' म्हणणाऱ्यालाही काही बोलायचं की नाही?

आताचे पाचवे फादर माझ्या मुलापेक्षा लहान. गेल्या वर्षी म्हणाले, "आजी, हे माफ झालंय. परत का सांगता?" मी म्हटलं, "झालंय तर जात का नाही?" मग हळूच म्हणाले, "जिचं आहे तिला सांगितलंत का?" घ्या! हे विचारायला पाचवा माणूस यावा लागला. मी जाळीतूनच त्यांना झापलं, बाहेर रांगेत ऐकू गेलं म्हणे.

तरी सांगितलं. गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी, दुकानात. धाकटी उभीच राहिली. "एक्केचाळीस वर्षं तू हे देवाला कळवत होतीस? देवाला खुर्च्या विणायच्या होत्या का?" मी म्हटलं, "फादर म्हणाले होते..." "फादर गेले खड्ड्यात! भांडी त्यांनी घासली का?" आणि माझ्याच चपला पायात घालून निघून गेली. मी दारात अनवाणी उभी, आणि काय सांगू, मला इतका आनंद झाला! एवढ्या वर्षांत कोणीतरी योग्य माणूस माझ्यावर चिडला होता.

आठ दिवसांनी चपला द्यायला आली. वडिलांच्या स्टुलावर बसली, माझ्या हातातली खुर्ची ओढून घेतली, म्हणाली, "ही खुर्ची की चाळण?" आणि सगळी उसवली. मग म्हणाली, "ताई, पाणी आण. वेत कोरडा आहे." माफ केलं असं ती म्हणालेली नाही. मी मागितलेलंही नाही. पाणी आणलं.

३. नातीला विणकाम शिकायचंय. तिने धाकटीकडे शिकावं, माझ्याकडे नाही.

४. चर्चला काही नाही. जाळीचा वरचा भाग लोंबतोय, तो धाकटीकडून विणून घ्यावा आणि ती सांगेल तो मोबदला द्यावा. फुकट नाही. आमच्या घरातलं फुकटचं प्रायश्चित्त संपलं.

५. माझ्या शेवटच्या वेळी फादरांनी जरूर यावं, मी नास्तिक झालेली नाही. पण कबुली ऐकायला धाकटी बसेल. फादरांनी हवं तर दाराशी उभं राहावं.

धाकटीला यात मिळतंय म्हणून ती साक्षीदार चालत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून मी समोरच्या चष्म्याच्या दुकानवाल्यांना आणि फादरांना बोलावलं. फादर गोंधळले. "आजी, कबुलीत ऐकलेलं मला बोलता येत नाही." मी म्हटलं, "ऐकलेलं नका बोलू, फादर. आता वाचलेलं बोला." त्यांना दुसरं कलम मोठ्याने वाचायला लावलं. धाकटी समोर स्टुलावर वेत ओढत बसली होती. 'तिचा हात चांगला आहे' इथे तिचा हात थांबला. म्हणाली, "ते परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. मग सही केली.

ठिकाण: दुकान, खालची खोली, दार उघडं.
दिनांक: सतरा मार्च, मंगळवार.

मृत्युपत्र करणार: (सही) थोरली
साक्षीदार एक: (सही) समोरचे चष्मेवाले
साक्षीदार दोन: (सही) फादर, जाळीच्या अलीकडून