दोन सामने आणि एक सरळ केलेला घोडा

मु. तेल्हारा, मार्गशीर्ष, शके १७८६

राजमान्य राजेश्री पंजाबराव भाऊजी, मुक्काम चांदूर बाजार, यांच्या पायाशी केशवचा नमस्कार पोचावा. इकडे सर्व बरे आहे. तुमचा दमा कसा आहे? नवीन बैलजोडी गाडीला रुळली का? आणि (हे आईने तीनदा विचारायला सांगितले) गोदीला सातवा लागला, तिचे पाय तर सुजत नाहीत ना? हे पत्र तुम्ही तिला मोठ्याने वाचून दाखवालच. मधली वाक्ये गाळू नका. तिला वाचता येत नसले तरी तुमच्या आवाजावरून कळते.

वर्ष झाले, तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. त्यामुळे यंदाच्या अकोल्याच्या सामन्याची हकीकत तुम्हाला बाजारातून कळली असेल. ती खोटी आहे. खरी त्याहून वाईट आहे.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, आपल्या कापसाला कोणी स्वप्नात पाहिला नाही असा भाव आला, आणि तेव्हापासून आपल्या लोकांना सगळ्यातच अव्वल कोण ते ठरवायची हौस आली. बैल पळवून झाले, पैलवान लढवून झाले, मग बुद्धिबळ राहिले होते. गेल्या साली अमरावतीच्या कापूसबाजारात वऱ्हाडभरच्या खेळणाऱ्यांचा पहिला सामना झाला आणि शेवटच्या डावाला नेमके आपण दोघे समोरासमोर आलो. त्या डावाचा इतिहास आता दोन प्रकारे सांगतात. चांदूर बाजारात सांगतात की केशवने घोडा खेळला, वजीर मरतो असे दिसताच तो परत जागेवर नेला. तेल्हाऱ्यात सांगतात की केशवने घोडा त्याच्या घरातच नुसता सरळ केला, खेळला नाही. तुम्ही पट उधळून उठलात, पंचांनी अव्वलाचे पागोटे माझ्या डोक्यावर ठेवले, आणि तुम्ही भर बाजारात शपथ घेतली की तेल्हाऱ्याच्या घरात ना तुमचा पाय पडेल ना तुमच्या बायकोचा. (गोदीला कोणी विचारले नव्हते.)

यंदा सामना अकोल्यात, रामराव आडत्यांच्या वखारीत होता. मी ते पागोटे बांधूनच गेलो. रामरावांनी हौसेने पटावरचे सगळे मोहरे चांदीचे घडवले होते. पाहायला लोक लोटले, पण खेळायला बसल्यावर कळले की दोन्ही फौजा चांदीच्या, कोणाची कोणती ते ब्रह्मदेवालाही कळू नये. पहिल्याच डावात दर्यापूरच्या एका गृहस्थांनी मोठ्या आवेशाने स्वतःचाच हत्ती मारला आणि लोकांनी वाहवा केली. शेवटी माणिकबाईंनी, म्हणजे रामरावांच्या मंडळींनी, एका फौजेच्या गळ्यात लाल दोरे बांधले. त्यानंतर प्याद्याने पहिल्या खेपेला एक घर चालावे की दोन, यावर अकोलेकर आणि अमरावतीकर अर्धा दिवस भांडले. जेवणाची पाने वाढली तेव्हा दोन्हीकडे एकमत झाले.

मी चार डाव जिंकलो. (पहिला तर त्या दर्यापूरकरांशीच होता.) शेवटच्या डावाला समोर आले नत्थुजी माळी. अकोल्यात वांगी, मेथी विकतात. दुकानावर बसल्या बसल्या गिऱ्हाइकांशी खेळून शिकले. हाताला मळ्यातल्या पाटाचा चिखल होता, तो धुऊन बसले. भाऊजी, मी त्यांना हलके समजलो. विसाव्या चालीला मी वजीर उचलून पुढे ठेवला आणि हात काढताच दिसले की त्यांचा उंट तिरका बसला आहे. माझा हात आपसूक परत वजिराकडे गेला. मला सवयच ती.

नत्थुजी पटावरून नजर न उचलता म्हणाले, “घ्या परत. आमच्या दुकानावर गिऱ्हाईक वांगं उचलते, दाबते, ठेवून देते. आमी काई म्हणत नाही.”

कोणी हसले नाही. हसले असते तर मी भांडलो असतो. मी हात मागे घेतला. वजीर गेला, मग हत्ती गेला, आणि शेवटी त्यांच्या एका प्याद्याने माझ्या राजाला मात दिली. प्यादेमात, भाऊजी, चारशे माणसांसमोर. पागोटे मीच काढून त्यांच्या डोक्यावर ठेवले. ते जरा मोठे झाले, कानावर आले.

वखारीबाहेर आल्यावर त्यांनी मला हळूच एक प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिले. ते काय, हे कागद उरला तर लिहीन. बाकी थंडी बरी आहे, वेचणी चालू आहे. गोदीला आशीर्वाद.

तुमचा,
केशव

ता. क. कागद उरला आहे. नत्थुजींनी विचारले, “तो घोडा खरंच सरळ केला होता का?” मी म्हणालो, “नाही. खेळलो होतो.” वर्षभरात हे मी कोणाजवळ पहिल्यांदाच बोललो. तुमच्याजवळ दुसऱ्यांदा बोलतो आहे. डाव तुमचा होता. वऱ्हाडचे पहिले अव्वल तुम्हीच.

ता. क. दुसरा. माफी घोड्यापुरती आहे. पट उधळल्याची माफी तुमच्याकडून येणे आहे.

ता. क. तिसरा. हे पत्र घेऊन आलेली गाडी तुमच्या दारात उभी आहे. तिच्यात नव्या कापसाच्या दोन गाद्या आहेत आणि आई बसली आहे. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे म्हणून ती गोदीला न्यायला आली आहे. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे अन्नपाणी घ्यायचे नाही, ही आईची रीत तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा शपथेचा विचार फार वेळ करू नका. गाडीत बसता बसता तिने जे सांगितले, ते तसेच लिहितो:

“जवाईबापू, घोडा कोनं उचलला, मले समजत नाही. माही पोरगी गाडीत बसवून द्या. तिच्यासंगं तुमीबी या. मंग दोघं जनमभर खेळत बसा.”