मला ठाऊक असलेला शब्द

मुलुंड, रविवार, ता. २१ नोव्हेंबर १९५४

आज वकीलकाकांकडे जायलाच नको होते. त्यांच्या वसंताशी कुसुमचे, माझ्या बहिणीचे, जवळजवळ ठरले आहे. दर रविवारी तिथे निळ्या फुलांच्या कपांतून चहा आणि मग खेळ: काकांनी कोशातला अवघड शब्द वाचायचा, आम्ही अर्थ ओळखायचा. मी इंग्रजी चौथीत शाळा सोडलेला, नेहमी हरणारा.

आज काकांनी वाचले, "रक्तष्ठीवन."

"यज्ञातलं काहीतरी," वसंता म्हणाला.

"खोकल्यातून रक्त पडणं." मी बोलून गेलो. एकदा तरी जिंकावे म्हणून?

"झकास! कुठे शिकलास रे?" वसंताने पाठीत थाप मारली.

कुसुमने मान खाली घातली. दादा नागपूरला नोकरीत आहे, असे आम्ही त्यांना सांगितले आहे. तो क्षयाच्या इस्पितळात आहे. त्याच्या रुमालावर रक्त दिसले, तेव्हा वैद्यबुवांनी हाच शब्द उच्चारला होता.

"तुझा दादा बरा आहे ना रे?" काकूंनी विचारले.

"हो, मजेत."

निघताना चपला घालता घालता मागे पाहिले. बाकीचे कप मोरीत होते. आमचे दोन, निळ्या फुलांचेच, मागच्या दाराबाहेर राखेच्या डब्याशेजारी ठेवलेले.

वाटेत कुसुम म्हणाली, "काकू आज 'पुढच्या रविवारी या' म्हणाल्या नाहीत, ना?"

"विसरल्या असतील गं," मी म्हटले. कपांचे तिला सांगितले नाही.