कमी झालेली आग

मंगळवार, १४ जानेवारी
हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या डच फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन आले. डॉक्टर नाहीच भेटले, शुगरवाल्यांना नर्स बघते. तिने डोळे मिटायला सांगितले, तळव्यांना नायलॉनचा धागा टेकवत गेली. टाचांना कळलं नाही, बोटांना कळलं. पायांची आग होते, झोपताना पांघरूण सहन होत नाही, म्हटलं. गोळी देता येईल म्हणाली, पण दिवसाही झोप येईल. नाहीतर मग "याच्यासोबत जगायला शिकायचं".

हे वाक्य मी आधी ऐकलंय. गावात, दुसऱ्या गोष्टींसाठी. तेव्हाही सांगणाऱ्याचं काही दुखत नव्हतं.

ती वाईट नाही, तिला वेळ कमी. हे मला कळतं. तरी घरी न्यूनेनपर्यंत सायकल दात-ओठ खात हाणली.

शनिवार, १८ जाने.
आइंडहोवन. लिनबाई, चिनी वैद्य, साठीच्या. ऑफिसातल्या एकीने सुचवलेल्या. जीभ बघितली. दोन्ही मनगटांच्या नाड्या, बराच वेळ. मग प्रश्न. तहान, घाम, झोप. राग कधी येतो? म्हटलं, आत्ता. हसल्या. इतक्या वर्षांत शुगरसाठी राग कुणी विचारला नव्हता.

कागदावर माणूस काढला. पोटातून रक्त आणि 'ची' निघते. ची म्हणजे सगळं चालवणारी शक्ती. शुगरने आधी आत कोरडी उष्णता, मग शक्ती ओसरते, रक्त मंदावतं, टोकांपर्यंत पोचत नाही. पावलं सगळ्यात लांब. अडलं म्हणून आग. वाहू लागलं की थांबेल. सुया आणि काढा. शुगरच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे दोनदा बजावलं.

पटकन पटलं. याचाच राग येतोय. आमचं रान कालव्याच्या शेवटाला होतं, पाणी न पोचणं मला समजावून सांगायला लागत नाही. पण पाणी 'मंदावलं' असं आमच्याकडे कुणी म्हणत नसे. वर कोण दार अडवून बसलंय ते सगळ्यांना माहीत असे. विचारलं, इथे कोण अडवतं? म्हणाल्या, गोड, काळजी, बैठं काम आणि ओल. अहो, अख्खा देश पाणथळ. ओल कुणाच्या पायात नाही?

चित्र सुंदर आहे म्हणून खरं आहे असं नाही. चित्र घरी घेऊन आले, हेही आहेच.

रविवार, १९ जाने.
आनंदला सांगितलं. नवरा आहे, सांगावं लागतं.
"ताईत कधी देणार आहेत?"
"काढा आहे."
"दादांना कळवू? व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, तुमची मुलगी जीभ दाखवत फिरते."

दादांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, गावोगाव बुवाबाजीविरुद्ध भाषणं केली. विहारात त्यांच्या शेजारी बसून मी हेच शिकले: कोण सांगतंय ते सोड, कशावरून सांगतंय ते विचार. आनंदला वाटतं मी ते विसरले. मी विसरलेली नाही, माझे पाय जळतायत. त्याला म्हटलं, तुझे जळले की बोलू.

शनिवार, ८ फेब्रुवारी
सुया चालू. गुडघ्याखाली, घोट्यापाशी, बोटांच्या बेचक्यात. दुखत नाहीत. लिनबाई सुई लावून बाहेर जातात, मी पडून छताकडे बघते. तिथे कुणी मला घाई करत नाही. घरी आल्यावर छान झोप. आग कमी वाटते. "वाटते" असंच लिहायचं. ऑफिसात मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. तिथे कुणी "वाटतं" म्हणालं तर मी त्याला पुराव्याशिवाय उठू देत नाही.

रविवार, २३ फेब्रु.
कमी आहे. आता वाटत नाही, आहे. पांघरूण घेऊन झोपले. आनंद म्हणाला, चला, चीन जिंकला. मी पण हसले. दादांना फोनवर सांगितलं नाही, पण सांगावंसं वाटलं. ते म्हणाले असते, तुलनेसाठी काय होतं तुझ्याकडे? दोन्ही पायांना सुया लावल्यास ना?

दोन्ही पायांना लावल्या.

रविवार, २ मार्च
मीच म्हटलं, तपासू. आनंदने गळाची दोरी आणली, नर्सच्या धाग्यासारखी कापली. मी डोळे मिटून सोफ्यावर. टेकवलं की मी 'हो' म्हणायचं, त्याने काही बोलायचं नाही.

मी भराभर हो म्हणत होते. त्याने दोरी मागे घेतली. मग म्हणाला, "थांब जरा."
"काय झालं?"
"आत्ताचे हो... मी टेकवलंच नव्हतं."
आणि डाव्या अंगठ्याला टेकवलं तेव्हा मी काहीच म्हणाले नव्हते. दोरी वाकेपर्यंत दाबली, तरी नाही. जानेवारीत तिथे कळत होतं.

गळाची दोरी म्हणजे उपकरण नव्हे, आनंद म्हणजे नर्स नव्हे. हे सगळं मी त्याला ओरडून सांगितलं. तो वाद घालत नव्हता. एकदाही ताईत म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

आग विझते ती दोन कारणांनी. नस बरी होते म्हणून, किंवा मरते म्हणून. आतून दोन्ही सारखंच लागतं. आणि हे मला माहीत होतं. दादांनाही शुगर. त्यांच्या उजव्या पायाला अंगठा नाही, तो दुखला म्हणून गेला नाही, दुखला नाही म्हणून गेला. त्यांचं ड्रेसिंग मी केलंय. मला माहीत होतं आणि मी पांघरूण घेऊन खूश होते.

मंगळवार, ४ मार्च
नर्सकडे, हट्टाने. खऱ्या धाग्याने तपासलं. डावा अंगठा नाही, शेजारचं बोट नाही. मग कॉम्प्युटरकडे वळून: "पण आग कमी आहे ना? मग ते छान." टाईप केलं, तक्रारी कमी.

म्हटलं, तक्रारी कमी नाहीत, पाय कमी झालाय. डच चुकलं असेल, पण तिला कळलं. न्यूरॉलॉजिस्टकडे जायची चिठ्ठी घेतल्याशिवाय उठले नाही. तारीख मे महिन्यातली. इतकी वर्षं दर वेळी धागा टेकवतात, लिहून ठेवतात, आणि लिहिलेलं कुणी शेजारी-शेजारी ठेवून बघत नाही. माझ्या टीममध्ये हे खपलं नसतं. पण माझ्याच पायाच्या बाबतीत मीही बघितलं नाही. शिव्या अर्ध्याच देता येतात.

शनिवार, ८ मार्च
लिनबाईंना सुया लावू दिल्या नाहीत. आधी बोलू म्हटलं. सगळं सांगितलं. त्यांनी पाय हातात घेतला, अंगठा दाबून माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

म्हणाल्या, आमच्याकडे मुंग्या आणि बधिरपणा हे दोन वेगळे. बधिरपणाला आमच्यात लाकूड म्हणतात. तो दुखण्यापेक्षा खोल.
"मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"
"तुम्ही आग घालवायला आला होतात."
"तुम्ही तपासायला हवं होतं. सुईआधी, दर वेळी."
पाय खाली ठेवून म्हणाल्या, "हो. तपासायला हवं होतं." मग, "सुयांनी पाय बिघडला असं मला वाटत नाही. पण सुधारला हेही मी आता सांगू शकत नाही. माझ्या आईचे पाय परत आले नाहीत. मीच सुया लावायचे."

एवढ्या सगळ्यात "सांगू शकत नाही" म्हणणारी पहिली व्यक्ती. तिच्यावर चिडायला गेले होते. चिडलेच आहे. पण ओरडता आलं नाही, आणि त्याचाही वेगळा राग.

शनिवार, १५ मार्च
लिनबाईंकडे गेले नाही. रद्दही केलं नव्हतं. त्यांनीच फोन केला, पुढच्या शनिवारची वेळ ठेवू का म्हणून. ठेवा म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

आनंद: "राग नक्की कुणावर आहे?"
"यादी आहे."
"मी आहे त्यात?"
"आहेस."
"वर की खाली?"
"तू जेव."

बुधवार, १९ मार्च
दुपारी मीटिंगमध्ये डाव्या पायात आग. अंगठ्यातच होती की शेजारी, नीट सांगता येत नाही, आणि मला अंगठ्यात हवी आहे, त्यामुळे माझ्या सांगण्यावर किती विसंबायचं. सुया थांबल्या म्हणून जुनं परत आलं? की तिथे काहीतरी जिवंत आहे? मे महिन्यापर्यंत कुणाला विचारू. समोर कुणीतरी माझ्याच टीमच्या चुका वाचून दाखवत होतं. टेबलाखाली बूट काढला. आग जाऊ नये म्हणून पाय हलवला नाही.