सॉरी म्हणायचं नाही

आई, तू गेलीस तेव्हा मी हॉस्पिटलच्या नोकरीत होते. आता इथे आखातात, सीबला राहते आणि स्वतःच्या लायसन्सवर बाळंतपणं करते. बाळंतीण माझी पेशंट, लेबर रूम तेवढी एका खासगी हॉस्पिटलची. तू वसईच्या प्रसूतिगृहात आयुष्य काढलंस, तुला कधी स्वतःचा विमा काढावा लागला नाही. इथे त्याशिवाय मला स्वतंत्र काम करता येत नाही. माझ्या हातून काही बिघडलं आणि कुणी दावा लावला, तर भरपाई कंपनी देते. मला ते बरोबरच वाटायचं. बाळाचं नुकसान झालं तर आईबापांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? पण त्या विम्याच्या अटी कशा असतात ते यंदा कळलं, आणि तोंडातली कडू चव अजून जात नाही.

इथून जवळच, माबेल्यात रत्नागिरीकडची एक मुलगी आहे, नवरा गोदामात कामाला. तिच्या बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. अशा वेळी हातात किती थोडा वेळ असतो, तुला सांगायला नको. मी बाळ काढलं. ते रडलं, पण उजवा हात लुळा पडला. नियमाप्रमाणे मी कंपनीला कळवलं. त्यांच्या बौशरच्या ऑफिसात ठाण्याचा एक तरुण अधिकारी आहे. त्याने माझ्यासाठी चहा मागवला, बाळाबद्दल एक शब्द विचारला नाही, आणि हसत म्हणाला, "सिस्टर, आता त्यांच्या घरी जायचं नाही. सॉरी तर अजिबात म्हणायचं नाही. सॉरी म्हणजे चूक कबूल. मग आपलं कव्हर खलास." फोन आला तर काय बोलायचं तेही त्याने पढवलं. मग तिचा फोन आला. बाळ हात हलवत नाही, सिस्टर, तुम्ही येत का नाही, असं ती विचारत होती. मी पढवलेलं बोलले. "मला यावर काही बोलता येणार नाही." माझाच आवाज ऐकून मला किळस आली.

तुझं स्वयंपाकघर आठवलं. एका बाईचं बाळ तुझ्या हातात गेलं होतं. तू पेज शिजवून डब्यात भरतेयस, मी दारात उभी. ते लोक चिडलेत, कशाला जातेस, असं मी म्हणते. तू मान वर न करता म्हणतेस, "चिडू देत. ते ऐकायलाच जायचं असतं."

मी माबेल्याला गेले. सासू दारातून हलेना. शेवटी मुलीनेच आत बोलावलं. नवरा भिंतीला टेकून उभा होता. खांदा कसा अडकला, मी कसं ओढलं, नसेला ताण कसा बसला, सगळं सांगितलं. माझं चुकलं की नाही हे मलाही नक्की ठाऊक नाही, तेही सांगितलं. "पण त्याचा हात माझ्या हातात दुखावला. सॉरी." ती रडली, मग मला खूप बोलली, आणि मग बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.

दावा त्यांनी लावला नाही. बाळाची बोटं हलतात. कोपर अजून वळत नाही. मी भेटायला गेल्याचं कंपनीला सांगितलं, तर अट मोडली म्हणून त्यांनी पुढच्या वर्षीचा विमा नाकारला. दुसरी कंपनी मिळेपर्यंत माझं काम बंद. हे कळवतानाही तो अधिकारी गोड आवाजात "टेक केअर, सिस्टर" म्हणाला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगते. त्या खोलीत सॉरी म्हणण्याआधी मी तिच्या नवऱ्याचा मोबाईल शोधला, तो रेकॉर्ड करतोय का ते बघायला. मोबाईल कोपऱ्यात चार्जिंगला लावलेला होता. मग मी बोलले.