दुसऱ्या हाताच्या गाठी

४ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन करू नकोस. हल्लीच्या फोनांत माणूस पुटपुटल्यासारखा ऐकू येतो, आणि हे प्रकरण घरात मोठ्याने बोलण्यासारखं नाही. माझ्या खोलीत कोणीतरी हात मारतंय.

माझा ऑसिलोस्कोप तुला ठाऊक आहे. विजेची थरथर हिरव्या रेषेत दाखवणारा, उचलायला दोन माणसं लागणारा तो पेटारा. प्रयोगशाळेने मोडीत काढला तेव्हा मी घरी आणला आणि निवृत्त झाल्यापासून माझा दिवस त्याच्यासमोर जातो. बाजूचा पत्रा काढून आत पाहिलं की मन निवतं बघ. एकेक भाग चिनी मातीच्या पट्ट्यांवर ओळीत बसवलेला, त्यावरचे रंगांचे पट्टे सगळे एकाच दिशेने वाचता येतील असे. आत कोण बघायला जाणार होतं? तरी केलंय. कोपऱ्यात वायरी जोडायच्या, चांदी मिसळलेल्या सोल्डरच्या तारेचं छोटं रीळ आहे. साधं सोल्डर त्या पट्ट्यांना चालत नाही, म्हणून पुढे कधीतरी दुरुस्ती करणाऱ्या कोणा अनोळखी माणसासाठी कारखान्यानेच ते आत ठेवून दिलं होतं.

त्या रिळातली तार कमी झाली आहे. मी वापरलेली नाही. आमच्या चिरंजीवांना स्क्रूड्रायव्हर कुठल्या बाजूने धरतात तेही ठाऊक नाही. राहिली सूनबाई. मी सकाळी फिरून येतो तर स्टूल जागचं हललेलं असतं, आणि मी स्वयंपाकघरात गेलो की ती बोलता बोलता गप्प होते. तू हे कोणाला कळू देऊ नकोस.

लोभ आहे तेवढा राहू दे, या थोरल्या भावाला थोडी अक्कल उसनी पाठव.
तुझा, अण्णा

११ फेब्रुवारी

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग हसू ओसरलं. अरे, त्या तारेत चांदी ती कितीशी असणार? सूनबाई दिवसभर कारखान्यात बसून लोकांच्या कवळ्या घडवते. ती घरी येऊन तुझ्या पेटाऱ्याचे दात कशाला उपटेल?

रागावू नकोस, पण विचारते. तूच वापरलीस आणि विसरलास असं तर नाही ना झालं? मागच्या खेपेला मी आले होते तेव्हा तुझ्या खोलीचं दार ठोठावून माझा हात दुखून आला, तरी आतून हूं की चूं नाही. वर मलाच म्हणालास की मांजरीसारखी आलीस.

एक गोष्ट मात्र मलाही खटकते आहे. महिन्यापूर्वी सूनबाईने मला फोनवर विचारलं होतं की अण्णा सकाळी किती वेळ फिरतात, रोज तेवढाच वेळ लागतो का. तेव्हा मला वाटलं, सासऱ्याची काळजी आहे पोरीला. आता तुझ्या संशयाची सर्दी मलाही लागली आहे. उगाच कोणाच्या अंगावर जाऊ नकोस, आधी नीट बघ.

माया कमी करू नकोस, गोळ्या चुकवू नकोस.
तुझी, छोटी

२० फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद, या वेळी जरा हात आखडून.

विसरलो म्हणतेस? मग ऐक. पत्र्याचा शेवटचा स्क्रू मी मुद्दाम ढिला ठेवला आणि फिरायला गेलो. परत आलो तर घट्ट. कोण चोर जाताना स्क्रू आवळून जातो, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. म्हणून भिंग घेऊन बसलो.

आतल्या वायरींचा जुडगा मेणाच्या दोऱ्याने बांधलेला असतो, थोड्या थोड्या अंतरावर गाठ मारून. या गाठी ज्या बाईने घातल्या तिला मी कधी पाहिलेलं नाही, पण तिचा हात मला घरच्या माणसाइतका ओळखीचा आहे. प्रत्येक गाठीचं टोक ती आतल्या अंगाला लपवते. मधल्या काही गाठी तिच्या नाहीत. टोकं लपवली आहेत, पण दुसऱ्याच बाजूला. आणि जुनं मेण पिवळं, हे गुलाबी.

म्हणजे मूळ वायरी काढून घेतल्या आणि वरून झाकपाक केली. असले जुने भाग शौकीन लोक शोधतच असतात. गुलाबी मेण या घरात कोणाच्या नखांत असतं? कवळीच्या हिरड्या करणाऱ्या सूनबाईच्या. आता तूच सांग.

चिरंजीव दौऱ्यावर आहेत. ते आले की पहिल्या रविवारी दोघांना खोलीत बोलावून, पत्रा काढून पुरावा समोर ठेवणार. त्यानंतर या घरात माझा मुक्काम नाही. तुझी मागची खोली झाडून ठेव, पेटाऱ्यासकट येतो.

तुझ्या दारी येईपर्यंत लोभ टिकव.
अण्णा

२४ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

आडवळणाने विचारणं मला जमत नाही. अण्णाच्या यंत्रातली तार तू घेतलीस का? वायरींना हात लावलास का? त्याच्या डोक्यात चोरी बसली आहे. येत्या एखाद्या रविवारी तो तुझ्या नवऱ्यासमोर ते बोलणार आणि घर सोडणार. खरं असेल ते मला लिही. वाईट असलं तरी लिही.

आशीर्वाद काही उत्तरावर अवलंबून नाहीत.
तुझी, आत्या

१ मार्च

ती. आत्याबाईंना,
सा. न. वि. वि.

तार मी घेतली. वायरींनाही हात लावला.

दिवाळखोर नाही झालो आम्ही, घाबरू नका. एकदा अण्णा यंत्र चालू ठेवून फिरायला गेले. खोलीत जळका वास सुटला. आत एक वायर निसटून व्हॉल्व्हच्या तापलेल्या काचेच्या नळीला चिकटली होती, दोरा जळून गेला होता. हे म्हणाले, सगळं उचलून एखाद्या कॉलेजला देऊन टाकू. मी म्हटलं, थांबा, मी बघते. रोज सकाळी तपासेन असा शब्द दिला, तेव्हा कुठे हे गप्प बसले.

यंत्राचं पुस्तक वाचून, प्लग काढून, आत साठलेली वीज उतरायला सांगितलं आहे तितकं थांबूनच मी हात घालते. आमच्याकडे दातांच्या तारा जोडतोच, त्यामुळे सोल्डरचं जमलं. तसला दोरा मिळाला नाही, म्हणून साध्याला आमचं मेण चोळलं. गाठी मात्र काही केल्या साधेनात. त्या जुन्या गाठी घालणारीने किती यंत्रं बांधली असतील, पण एकही गाठ सैल नाही. मला तिचा हेवा वाटला, खरंच.

अण्णांना यातलं काही सांगू नका. मला चोर म्हणू देत, मी ऐकून घेईन. पण आपल्यावर पाळत आहे हे कळलं, तर ते पुन्हा त्या स्टुलावर बसायचे नाहीत. मग दिवसभर करतील काय?

तुमच्या मनातली माझी जागा हलू देऊ नका.
तुमची, सूनबाई

१२ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद, मागची बाकी धरून.

मधल्या चिठ्ठीत घाई करू नकोस एवढंच तू लिहिलंस, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की तुला काहीतरी कळलं आहे. पण मी भाषण पाठ करण्यात गुंग.

रविवारी दोघांना बोलावलं. पत्रा काढला. गाठ दाखवायला बोट आत नेलं, तोच सूनबाईने मला स्टुलासकट मागे ओढलं. मी तिच्यावर ओरडलो. चिरंजीवांनी भिंतीतला प्लग काढला. यंत्र चालू होतं. सकाळी मीच तापायला लावलं होतं. पडद्यावरची रेषा विझवलेली, खिडकीतलं ऊन थेट आत, त्यामुळे व्हॉल्व्हची लाली दिसली नाही. पण आतला पंखा घरघरत होता. तो दोघांना ऐकू येत होता, मला नाही. कधीपासून येत नाही, तेही मला सांगता येणार नाही. छोटे, मी फार घाबरलो. विजेला नव्हे.

मग वास, वायर, दोरा, सगळं बाहेर आलं. चिरंजीव म्हणाले, पुरे झालं, उद्याच हलवू. सूनबाई म्हणाली की पेटारा इथेच राहील, खोलीचा स्विच मात्र दाराबाहेर बसवायचा आणि पत्रा तिच्यासमोरच काढायचा. मला आपल्याच खोलीत शिरायला परवानगी काढावी लागणार, याचा संताप आला. तरी हो म्हटलं. गुरुवारी ती मला कानाच्या डॉक्टरकडे नेते आहे. तुझी मागची खोली तुलाच लखलाभ.

संध्याकाळी तिने विचारलं की सकाळी आम्हाला काय दाखवायला बोलावलं होतंत. मी म्हटलं, मधल्या गाठी इतक्या सुरेख कोणी घातल्या ते विचारायचं होतं. ती मान खाली घालून माझ्यासाठी चहा गाळत राहिली. मी तिला काय म्हणणार होतो हे तिला आधीच ठाऊक होतं का गं? तुला माहीत असेल. पण नको, लिहू नकोस.

माझ्यावर लोभ ठेव, आणि तिच्यावर त्याहून थोडा जास्त.
तुझा, अण्णा