एकाचे चार

३ जून
आले एकदाची! खोली एवढीशी, पण खिडकी मोठी, आणि प्रयोगशाळा दोन मिनिटांवर. आईला फोनवर म्हटलं, आता मी बाटल्यांतल्या बाळांची दाई. बाळं म्हणजे एका वेलीचे कोंब; रानातून ती केव्हाच संपली. तिचे शेवटचे कोंब प्रयोगशाळेच्या प्रमुख, आमच्या बाईंनी इथे बाटल्यांतल्या जेलीत जगवलेत. कामाची रीत सोपी आहे: कोंब कापायचा, चार तुकडे करायचे, चार बाटल्यांत लावायचे. एकाचे चार, चारांचे सोळा. बाटलीत बाहेरचं काही पडलं, तर ती लगेच उकळून फेकायची. बाटल्या धुणाऱ्या मावशींनी हे मला तीनदा बजावलं, जणू मी शेंबडी पोर.

१९ जून
तेवीस बाटल्यांतल्या पाचच उरल्या. कोंब काळे पडतायत आणि बाईंना घास जात नाहीये. आज घाईत ब्लेड माझ्या बोटात घुसलं, रक्ताचा थेंब बाटलीत पडला. फेकायलाच हवी होती, पण पाचांतली एक फेकायला हात धजेना. मागच्या फळीवर लपवली.

२८ जून
बाकी चारही मेल्या. माझी मात्र तरारून आली. बाईंनी मला मिठीच मारली. खरं सांगायला जीभ रेटेना. तिचे चार केले.

२ जुलै
चौघांनी माना टाकल्या. बोट पिळून एकेक थेंब दिला, तासाभरात ताठ. जखम भरत नाही.

५ जुलै
जखमेतून हिरवं टोक आलंय. ओढलं तर कोपरापर्यंत कळ गेली. सवयीने ब्लेडनं कापलं.

६ जुलै
चार आले. मावशींना दाखवलं. त्यांनी सुरा आणला, मी तोंडात फडकं कोंबलं. बोट गेलं. रक्त थोडं, पांढरा चीकच जास्त.

७ जुलै
तळहातावर सोळा. कापायलाच नको होतं — मलाच कळायला हवं होतं — रोज तेच तर करते.

८ जुलै
डाव्या हाताने लिहितेय. उजव्यावरचे कोंब बघून बाईंनी तो टेबलाला बांधलाय. बाटल्यांतलं सगळं मेलं, वेल आता फक्त माझ्यात. मावशी मला दाराकडे ओढत होत्या — बाईंनी बाटली त्यांच्या डोक्यात घातली — दोनदा. त्या मोरीपाशी पडल्यात, हलत नाहीत.

बाई रडतायत. माझे केस मागे सारतायत. म्हणतात, घाबरू नकोस गं, तुला एकटीला कुठे ठेवायचंय — मोठं ब्लेड दिव्यावर धरलंय — चार बरण्या मांडल्यात, माणूसभर उंच — आई, मी फक्त एक बाटली —