बैठकीतली पन्हळ

॥ श्री ॥
काळाचौकी, मुंबई
१७ नोव्हेंबर १९६१

ती. स्व. महिपतीकाका यांचे सेवेशी,
बालक मालोजीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडील सर्व कुशल आहे, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे हे पत्र मी उभ्याने, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहीत आहे. बसता येत नाही.

औषध कंपनीने मला फटफटी देऊन पनवेल ते चिपळूण ही लाइन दिली, हे दिवाळीत सांगितलंच होतं. सोमवारी निघायचं, वाटेतल्या डॉक्टरांना औषधांचे नमुने द्यायचे आणि गुरुवारी परत. पेणपर्यंत मी राजा असतो. माणगावला पाय अवघडतात. महाड आलं की खाली निखारे ठेवल्यासारखं होतं, आणि कशेडीचा घाट मी निम्मा उभ्यानेच चढतो. ट्रकवाले मान बाहेर काढून बघतात.

तुम्ही लढाईत इटलीच्या डोंगरांतून फटफटीवर लष्कराचं टपाल नेत होतात, दोनदोनशे मैल एका दमात. लहानपणी तुमच्या मांडीवर बसून ते ऐकलं, म्हणून तर मी या नोकरीला हात घातला. तेव्हा तुम्ही बसायला काय वापरत होतात ते कृपा करून कळवावं. साहेबाने बजावलं आहे की माझी फेरी चुकायला लागली तर गाडी आणि लाइन दुसऱ्याला देणार. मग मी पुन्हा गोदामात बाटल्यांना लेबलं चिकटवत बसणार, बसता आलं तर.

ती. काकूंना नमस्कार. चि. आवडीस आशीर्वाद.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारा,
मालोजी


पोलादपूर, वरची वाडी
२० नोव्हेंबर १९६१

चि. मालोजी यास महिपतीचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझी काकू चुलीपाशी पोट धरून हसली. मी हसलो नाय, मला लाज वाटली. आपल्या घराण्यात आजपर्यंत बुडाबद्दल कोणी पत्र लिहिलं नव्हतं. ते नाव तू काढलंस.

तुझा बाप याच रस्त्याने महाडच्या बाजाराला डोक्यावर तांदळाचं पोतं घेऊन पायी जायचा. तुला सरकारने डांबर घातलं, कंपनीने गाडी दिली, वर पेट्रोल दिलं, आणि बाळ रडतोय की मला टोचतं. आम्ही काय वापरत होतो म्हणून विचारतोस. आम्ही लोखंड वापरत होतो. वर पोत्याची घडी, ती पण मिळाली तर. कोणी घरी कळवलं नाय.

एक सांगून ठेवतो. मऊ शोधू नको. मऊ पहिली दहा मैलं. पुढे ते दबतं आणि तू पुन्हा लोखंडावर येतोस. मुंबईच्या लोकांना एवढं कळत नाय, त्यांना दुकानात बोटाने दाबून बघायची सवय. दुकानात काय कोणीपण बसेल.

भात झोडून झालं. बैल बरा हाय, तुझ्यापेक्षा कमी कुरकुरतो.

माया हाय, पण तिची उशी करून देणार नाय.
महिपती


काळाचौकी, मुंबई
१५ डिसेंबर १९६१

ती. स्व. काका यांस सा. न. वि. वि.

तुमचा सल्ला मिळाला, आणि मी मऊच शोधलं. लालबागच्या गादीवाल्याकडून सावरीच्या कापसाची गुबगुबीत गादी शिवून घेतली. नागोठण्यापर्यंत सुख, इंदापूरला तिची पापडी झाली. नंतर रबरी स्पंज आणला. तो दबला नाही, पण असा तापला की मी डोशासारखा भाजून निघालो. शेवटी सायकलची ट्यूब गुंडाळून, हवा भरून, पिशवीत घातली. कोलाडच्या अलीकडे ती फुटली. शेतातल्या बायका बार झाला समजून पळाल्या, मी रस्त्याच्या कडेला बसलो. म्हणजे उभा राहिलो.

पुढच्या महिन्यात खेड आणि चिपळूणला दोन नवे डॉक्टर जोडायचे आहेत. साहेब गोदामातल्या एका पोराला परवाना काढून ठेव म्हणाला, तेही माझ्यासमोर.

परवा महाडच्या बाजारात तुमची भेट झाली, बरं वाटलं. मी गाडी पुढे केली, एक फेरी मारून बघा म्हटलं, तर असल्या खेळण्याला मी हात लावत नाही, असं तुम्ही चारचौघांत सुनावलंत. सगळे हसले, मीही हसलो. फक्त एक उमगलं नाही. क्लच कुठल्या हाताला असतो असं तुम्ही मला हळूच विचारलंत. लष्करी गाड्यांचं काही वेगळं असेल.

रागवा, पण पत्र पाठवत जा.
मालोजी


पोलादपूर, वरची वाडी
२४ डिसेंबर १९६१

चि. मालोजी यास आशीर्वाद. वि. वि.

सावरी! बाळंतिणीच्या उशीत घालतात ती सावरी तू बुडाखाली घेऊन कशेडी चढायला निघालास. आणि वर हवा भरलीस. डोक्यात होती ती कमी पडली म्हणून खाली भरलीस काय? गादीवाल्याने पैसे घेतले यात त्याची चूक नाय, समोर असं गिऱ्हाईक आल्यावर तो तरी काय करील.

नीट वाच, पुन्हा लिहिणार नाय. कातडं पाठीचं घ्यावं. पोटाचं ओढलं जातं आणि चार महिन्यांत झोळी होते. आत लोकर, पण पिंजलेली नव्हे, जुन्या घोंगडीची, थरावर थर ठेवून टाचलेली. लोकर तापत नाय आणि घाम सोडून देते. टाका मेणाच्या दोऱ्याचा, दुहेरी, आणि शिवण बाजूला काढायची, बसतो तिथे येता कामा नये. मुख्य म्हणजे मधे पुढून मागे पन्हळ ठेवायची, दोन बोटं रुंद. म्हणजे वजन दोन्ही कुल्ल्यांवर येतं आणि माकडहाड मोकळं राहतं. सगळं दुखणं त्या एका हाडाचं, आणि तुम्ही शहाणे त्याच्याच खाली गाद्या सरकवता. एवढं मुंबईत एकालाही करता येत नसेल तर ती मुंबई कशाला म्हणायची.

क्लचचं म्हणशील तर तेव्हाच्या गाड्या वेगळ्या होत्या. उगाच चौकशा करू नको.

धीर धर एवढंच सांगतो, तो पण बसून धरता येत नसेल तर उभ्याने धर.
महिपती


खेड
६ जानेवारी १९६२

काका,
शिरसाष्टांग नमस्कार मुद्दाम लिहीत नाही, कारण तीन दिवस तसाच पालथा पडलो आहे. गळू झालं होतं, ते डॉक्टरांनी फोडलं. फेरी चुकली. साहेबाची तार आली, ही एक माफ, पण पंधरा तारखेच्या सोमवारी गाडी निघाली नाही तर लाइन गेली समजावं.

मला पालथा बघून इथल्या दवाखान्याचा पहारेकरी हसायला लागला. गोमाजी त्याचं नाव, लढाईत इटलीला होता, खेचरांच्या पलटणीत. मी तुमचं नाव सांगितलं तर म्हातारा उठून उभाच राहिला. म्हणाला, महिपती खोगीरवाला! तुम्ही त्यांच्या पलटणीत खोगिरं शिवत होतात म्हणे. दिवसभर हातात आरी आणि कातडं. तुमच्या हातचं खोगीर चढवलेल्या खेचराच्या पाठीला कधी जखम झाली नाही, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. मी विचारलं, आणि फटफटी? तर म्हणाला, फटफटीच्या जवळ गेला की महिपतीला घाम फुटायचा.

वा काका. चारचौघांत माझ्या गाडीला खेळणं म्हणालात. मला बाळ म्हणालात, लोखंडावर बसायला सांगितलंत. स्वतः मात्र सतरा वर्षं, कधीच न बसलेल्या फटफटीवरून आम्हाला इटली दाखवत होतात. पाटलाच्या ओट्यावर दाखवत होतात, शाळेतल्या झेंडावंदनाला दाखवत होतात. मी ज्या गोष्टीपायी ही नोकरी धरली ती गोष्टच नव्हती. कातड्याचं काम केलं म्हणून मराठ्याच्या घराला लोक नावं ठेवतील ही भीती मला समजते. पण माझ्याशी सुद्धा? आणि एवढं सगळं हाताला येत असून मला कापसाच्या गाद्या शिवत फिरू दिलंत.

यापुढे सल्ला नको.
मालोजी


पोलादपूर, वरची वाडी
१० जानेवारी १९६२

चि. मालोजी बाळास ठमाकाकूचा आशीर्वाद. आवडी लिहिते हाय, मी सांगते हाय.

तुझं पत्र काकांनी वाचलं आणि दोन वेळा जेवले नाय. मी विचारलं नाय. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून एक गाठोडं काढलं. आत आरी, दोन वाकड्या सुया आणि मेणाचा गोळा. मला म्हणाले, तुला कधी सांगितलं नाय. मी म्हटलं, लढाईवरून आलात तेव्हा बोटांना जे घट्टे होते ते टपाल वाटून येत नाय, सतरा वर्षं जेवायला वाढते हाय, आंधळी नाय. मग त्यांनी आमच्या अंथरुणातली घोंगडी ओढली. थंडीचे दिवस, मी आता गोणपाट पांघरते, पण ते असू दे.

कातडं घरात नव्हतं. मुरारीकडे गेले, जोडे शिवतो तो, वाडीच्या खालच्या अंगाला. आजवर त्याच्या अंगणाबाहेर उभं राहून जोडे मागायचे. आता त्याच्या ओट्यावर बसून आज दुसरा दिवस शिवतायत. तो पण तिथेच, त्याच्याच घरचा चहा. सगळी वाडी बघून गेली. पाटलाची आई मला पाणवठ्यावर म्हणाली, आता तुमच्याकडे हळदीकुंकवाला यावं की नाय याचा विचार करावा लागेल. मी म्हटलं, नका येऊ, तेवढी साखर वाचेल. तोंड बघण्यासारखं झालं होतं तिचं.

तू चुकलास असं मी म्हणत नाय. पण कडू लिहिलंस रे.

जीव तुझ्यात गुंतलेली,
काकू
(आणि आवडी. दादा, मी पण दोन टाके घातले.)


पोलादपूर
१२ जानेवारी १९६२

चि. मालोजी यास आशीर्वाद. वि. वि.

एसटीच्या ड्रायव्हरबरोबर मुंबईला गाठोडं पाठवलं हाय. तुझी कंपनीची बैठक काढू नको, तिच्या वरून पट्टे कस. माप बरोबर येईल. महाडला तू चहा सांगायला गेलास तेव्हा मी वितीने मोजून घेतली होती. मोजली, आणि शिवायची हिंमत झाली नाय. पत्रात शहाणपण पाठवलं, हात पाठवला नाय. गोमाजीने तुला सांगितलं ते सगळं खरं.

घरी परत आलो तेव्हा आईने मला दारातच विचारलं, लढाईत काय केलंस. मागे पाटील उभा, चार भाऊबंद उभे. खोगीर शब्द तोंडापर्यंत आला होता. त्या दिवशी रस्त्याने एक लष्करी फटफटी गेली होती, तीच तोंडातून बाहेर पडली. एकदा पडली ती पडली. मग तू मांडीवर बसून पुन्हा सांगा म्हणायचास आणि मी पुन्हा सांगायचो. तुझ्यासारखं ऐकणारं कोणी नव्हतं.

आता बैठकीबद्दल. खेचराच्या खोगिराला मधे पन्हळ ठेवतात ती त्याचा कणा वाचवायला. दोन मण ओझं घेऊन ते जनावर बर्फात डोंगर चढायचं आणि कुरकुरत नसे. तीच पन्हळ तुला ठेवली हाय. तुझी लायकी खेचराइतकी नाय, पण हाड तेच हाय. कातडं मुरारीने निवडलं. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला हाय, हे मला सतरा वर्षांपूर्वीच कळायला पाहिजे होतं.

पहिले पन्नास मैल कडक लागेल. शिव्या दे, पण सोडू नको. कातडं बसणाऱ्याला ओळखायला वेळ घेतं.

उत्तर नाय लिहिलंस तरी चालेल, गाडी निघाली एवढं कळव.
महिपती


चिपळूण
१६ जानेवारी १९६२

ती. स्व. काका यांचे सेवेशी शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

हा नमस्कार मनापासून आहे आणि हे पत्र मी बसून लिहितो आहे.

काल पहाटे निघालो. पनवेलपर्यंत तुम्हाला शिव्या दिल्या, आज्ञाच होती. पेणला थांबलो नाही. माणगावला चहाला उतरलो तो फक्त चहाची तलफ आली म्हणून. कशेडी बसून चढलो. वळणावर एका ट्रकवाल्याने ओळखून हात केला. आज दोन्ही नवे डॉक्टर जोडले, साहेबाला तार केली. लाइन राहिली.

खेडला गोमाजीला बैठक दाखवली. म्हाताऱ्याने त्या पन्हळीत बोट घालून पुढून मागे फिरवलं, मग बाजूची शिवण चाचपली. मग म्हणाला, हा महिपतीचाच टाका. मी त्या रात्री तुम्हाला जे लिहिलं त्यातलं एक वाक्य परत घेतो, सल्ला नको हे. बाकीचं घेत नाही, कारण ते सगळं खरं असं तुम्हीच लिहिलंत. पण खोटं ऐकून मी फटफटीवर बसलो आणि खऱ्याने मला तिच्यावर टिकवलं, हेही लिहून ठेवतो.

एक विचारायचं राहिलं. बैठक मागच्या बाजूला वीतभर जास्त लांब आहे, कॅरिअरवर येते. तुमच्याकडून मापाची चूक होणार नाही, म्हणून विचारतो.

तुमचं बोलणं ऐकायला हपापलेला,
मालोजी


पोलादपूर, वरची वाडी
२१ जानेवारी १९६२

चि. मालोजी यास आशीर्वाद. वि. वि.

चूक नाय. मागची वीत माझी हाय.

मी आजवर फटफटीवर बसलेलो नाय. गुरुवारी परत जाताना वाडीत ये आणि मला रायगडाच्या पायथ्याला, पाचाडपर्यंत ने. भीती वाटेल, त्याबद्दल कुठे बोलू नको. तुझी काकू येत नाय म्हणते, तिला नवी घोंगडी पाहिजे, ती महाडहून आणू.

वाडीतून निघताना हळू चालव. मुरारीच्या दारापाशी थांब, त्याला बघू दे. पाटलाच्या ओट्यापाशी पण थांब. बैठक कोणी शिवली असं कोणी विचारलं तर तू तोंड उघडू नको. ते मी सांगणार हाय.

वाट बघतो.
महिपती खोगीरवाला